साखर, गाळणी आणि रक्ताची गुठळी

चहा गाळताना पाणी खाली उतरते आणि चोथा वर राहतो. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छच. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक द्रव रक्तात परत शोषला जातो आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र उरते.

ही गाळणी रेणूचे आकारमान तर पाहतेच, पण त्याचा विद्युतभारही पाहते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ऋणभारित असते आणि गाळणीची भिंतही ऋणभारित असते. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून अल्ब्युमिन रक्तातच राहते.

मधुमेहात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, तर रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर बिघडते. गाळणीची भिंत जाड होते, आणि नवल असे, की जाड होऊनही ती गळू लागते! कारण तिची घडण बिघडलेली असते. अशा मूत्रपिंडांतील गाठींचे वर्णन किमेलस्टील व विल्सन यांनी १९३६ साली केले.

आता रक्त गोठण्याकडे वळू. निरोगी अस्तर रक्ताला प्रवाही ठेवते. तेच दुखावले, की त्यातून ‘फॉन विलेब्रँड घटक’ हे प्रथिन जास्त प्रमाणात बाहेर पडते. रक्तातील बिंबिका वाहिनीच्या भिंतीला चिकटवणे हे त्याचे काम. ज्यापासून गुठळीचे धागे बनतात, ते फायब्रिनोजेनही मधुमेहात बहुधा वाढलेले आढळते. म्हणजे एकाच बिघाडाने गाळणी गळते आणि रक्तही गोठण्याकडे झुकते.

गळती फार वाढली, की आणखी एक संकट येते. रक्त गोठण्याला लगाम घालणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनचा रेणुभार सुमारे ५८ हजार आहे, तर फायब्रिनोजेनचा सुमारे ३ लाख ४० हजार. लहान रेणू मूत्रावाटे निसटतो, मोठा मागे राहतो. लगाम सुटतो, पण घोडा तिथेच! मग पायांतील किंवा खुद्द मूत्रपिंडाच्या नीलेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दुर्दैवाने ही गळती सुरुवातीला मुळीच दुखत नाही. मात्र ती मोजता येते. निरोगी माणसाच्या मूत्रातून दिवसाला ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन जाते. ३० ते ३०० मिलिग्रॅम ही धोक्याची पहिली सूचना होय. मूत्र तपासण्याच्या साध्या पट्टीवर एवढी अल्प गळती बहुधा दिसत नाही. त्यासाठी अल्ब्युमिनची खास तपासणी करावी लागते. गळती वेळीच कळली, तर साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवून आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे घेऊन पुढची हानी लांबवता येते.

तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर साखरेबरोबर मूत्रातील अल्ब्युमिनचीही तपासणी दरवर्षी होते का, हे त्यांना अवश्य विचारा.