गंधार नेमका कुठे?

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक काढले. जुन्या ग्रंथांतल्या श्रुती गवयाच्या गळ्यात खरोखर आहेत का, हे त्यांना तारेवर मोजून पाहायचे होते. गळा लाभला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. पुढे आयसीएस न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम उचलले, १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि लंडनच्या मूर अँड मूरकडून श्रुतींची पेटीच घडवून घेतली.

या मंडळींचे मोजमाप पोकळ नव्हते. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ३०० चा. बाजारच्या पेटीचा गंधार ३०२.४ चा. फरक अडीच कंपनांहूनही कमी, कागदावर दुर्लक्ष करावे असा. पण षड्जाच्या तारेतून पाचपट कंपनांचा, म्हणजे १२०० चा उपस्वर निघतो आणि पेटीच्या गंधाराचा चौपट उपस्वर पडतो १२०९.५ वर. दोघांची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-दहा हेलकावे उठतात. कानाला खुपतात ते हेच.

तरीही १९१६ मध्ये बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरलेल्या संगीत परिषदेत ही पेटी स्वीकारली गेली नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचा तर या सिद्धान्तालाच विरोध होता. मला वाटते, देवलांचा घोटाळा आकड्यांत नव्हता, प्रश्नात होता. सूर कुठे उभा आहे, असे ते विचारत होते. गवई त्याला उभा ठेवतच नाही. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आलेखावर सतत डोलताना दिसतो. त्या डोलण्यापुढे अडीच कंपने म्हणजे काहीच नाही, आणि तरी रसिकाला ऐकू येतो एकच गंधार.

कानाच्या बाजूने पहिली भक्कम साक्ष दिली ती एका भौतिकशास्त्रज्ञाने. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्यावर लिहिले: तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटूच नये, तिथे छेडूनही तो उमटतो. कारण घोडीची पसरट पाठ आणि तिच्यावर सरकवलेला दोरा. मिरजेचे कारागीर घोडी-दोऱ्याची ही जुळणी, म्हणजे जवारी, कुठलेही यंत्र न लावता, निव्वळ कानाने काढत आले होते.

आता पुन्हा पेटीकडे. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला सुमारे तीन दशके लागली. या काळात मैफलीत, नाटकात, भजनात पेटी होतीच, आणि भजनाला ती आजही लागतेच. अडीच कंपनांनी बेचैन होणारा कान गाणे रंगले की तीच कंपने खुशाल माफ करतो. याचे माप कुणी घ्यावे?

१९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी गायन-वादनाची ध्वनिमुद्रणे मोजली. गवयागणिक तर सोडाच, एकाच मैफलीत एकाच गवयाचा तोच सूर जागा बदलत होता. बावीस ठरीव घरे काही सापडली नाहीत.

देवलांचा ध्यास मात्र संपलेला नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. रागाप्रमाणे श्रुती निवडता येते आणि तंबोऱ्याशी ती सुरेख मिळते. पण मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणे, तिच्यातूनही निघत नाही.