भीतीला सवय हे औषध नाही

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. नेपाळमध्ये तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून झेंडूचे हार घालतात. आपल्या घरातला कुत्रा मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून बऱ्याचदा पलंगाखाली असतो आणि आपण ‘होईल हळूहळू सवय’ म्हणून फराळाच्या तयारीला लागतो.

ही सवय बहुधा होत नाही. उलट अनेक कुत्र्यांची भीती वर्षागणिक वाढते. पहिल्या वर्षी फक्त सुतळी बॉम्बला दचकणारा कुत्रा पुढे लवंगी माळेलाही थरथरतो, मग ढगांच्या गडगडाटाला, मग दार आपटल्यालाही.

माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याचे कान सुमारे 45,000 आणि मांजराचे सुमारे 64,000 हर्ट्झपर्यंत पोहोचतात. आपल्याकडच्या नियमाने फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर आवाज 125 डेसिबलच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा पाळली तरी आवाज कमी नसतो. शिवाय तो कधी येईल, कुठून येईल हे त्या जिवाला कळत नाही आणि पळायला जागा नसते. भीती मुरते ती यामुळे.

आधी काय दिसतं?

थरथर आणि लाळ ही पुढची पायरी. त्याआधी कुत्रा पुन्हा पुन्हा जिभेने नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, मान वळवून घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक टुरिड रुगास यांनी अशा बारीक खुणांकडे जगभरच्या कुत्रेवाल्यांचं लक्ष वेधलं. गारवा असताना धापा टाकणं, चकरा मारणं, पायाशी घोटाळणं आणि आवडता खाऊही नाकारणं ही पुढची लक्षणं.

भीतीने घरात लघवी केलेला कुत्रा कान पाडून उभा राहिला की ‘बघा, चूक कळते त्याला’ असं आपण म्हणतो. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे दिसत होता. कुत्र्याने खरोखर काही केलं होतं की नव्हतं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. ओरडल्याने घाबरलेला कुत्रा आणखी घाबरतो, एवढंच होतं.

मांजर घाबरलं तरी बोभाटा करत नाही. ते माळ्यावर जाऊन बसतं, खाणं सोडतं, एकच जागा चाटून तिथले केस घालवतं, वाळूच्या ट्रेबाहेर लघवी करतं. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूजही येते. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

यंदासाठी

फिरवणं आणि जेवण दिवस मावळायच्या आत उरका. रस्त्यापासून लांबची खोली निवडा, खिडक्या-पडदे लावून घ्या, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. कुत्रा स्वतःहून मोरीत किंवा कपाटामागे जाऊन बसला तर ओढून बाहेर काढू नका. त्याला कोंडूही नका. मांजरासाठी आडवं ठेवलेलं खोकं पुरतं. गळपट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावा, कारण पाहुण्यांसाठी उघडलेल्या दारातूनच घाबरलेली जनावरं पळतात.

जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. तो जवळ आला तर खुशाल थोपटा. खाऊ द्या, पण फराळातले बेदाणे आणि चॉकलेट नको. कुत्र्यांना ती विषारी ठरतात.

भीती फार असेल तर औषधं आहेत. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी डेक्समेडेटोमिडिनचं जेल अमेरिकेत मंजूर झालेलं आहे. आणखीही पर्याय पशुवैद्य सुचवतात. मात्र केवळ गुंगी आणणारं औषध शरीर ढिलं करतं, भीती तशीच राहते. म्हणून कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सणाच्या आधी एकदा देऊन बघा. घरातल्या डब्यातली गोळी कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं.

पुढच्या वर्षासाठी

खरा उपचार त्रिपुरी पौर्णिमा उलटून गल्ली शांत झाल्यावर सुरू होतो. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि त्याच वेळी कुत्र्याला त्याचा आवडता खाऊ द्यायचा. तो निवांत खात असेल तर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. खायचा थांबला तर आपण घाई केली असं समजून मागे यायचं. याला कित्येक आठवडे लागतात. म्हातारपणी अचानक आवाजाची भीती सुरू झाली असेल, तर सांधेदुखीसारखं दुखणं आहे का, हेही तपासून घ्या.

ज्यांच्या घरी प्राणी नाहीत, त्यांना एकच विनंती. शेजारी कुत्रा-मांजर असेल तर माळ लावण्याआधी तेवढी हाक मारा, म्हणजे त्यांना दारं-खिडक्या लावून घेता येतील.