गॅस संपत नाही, गळतो

आमची मोटार अठरा वर्षांची आहे. सलग तीन उन्हाळे तिचा वातानुकूलक मार्चमध्ये ठीक चाले आणि मे उजाडेपर्यंत नुसता वारा घालू लागे. दर वेळी आम्ही गाडी गॅरेजमध्ये नेली, ‘गॅस संपलाय साहेब’ हे वाक्य ऐकले, गॅस भरून घेतला आणि पैसे देऊन परतलो. चौथ्या उन्हाळ्यात दहावीतल्या मुलीने विचारले, ‘बाबा, तो गॅस जळतो का? मग संपतो कसा?’

आम्ही निरुत्तर झालो. उष्णतेचे शास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न तीन वर्षांपूर्वीच पडायला हवा होता.

बंद नळीतला फेरा

हातावर स्पिरिट लावले की गार वाटते. द्रवाची वाफ होताना त्याला अप्रकट उष्मा लागतो आणि तो हाताकडून घेतला जातो. मोटारीच्या वातानुकूलकात हेच घडते. फरक एवढाच की वाफ उडून जात नाही. तिला पुन्हा द्रव करून वापरतात.

आमच्या गाडीतला ‘गॅस’ म्हणजे आर-१३४ए. वातावरणाच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. सुमारे तीन वातावरणे दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या आसपास येतो, तर पंधरा वातावरणांखाली तो ५५ अंशांच्या जवळपास जातो. सगळी युक्ती या आकड्यांत आहे. कॉम्प्रेसर वाफेचा दाब वाढवतो. पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये ती वाफ बाहेरच्या चाळीस अंशांच्या हवेलाही उष्णता देऊन द्रव होते. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून जाताना तिचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या बाष्पकात द्रव उकळू लागतो. गॅरेजमध्ये या बाष्पकाला ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. उकळणारा प्रत्येक ग्रॅम द्रव गाडीतल्या हवेतून सुमारे २०० जूल उष्णता शोषतो.

या फेऱ्यात गॅस खर्च होण्याची जागाच नाही. तो कमी झाला, तर त्याचा अर्थ एकच: तो कुठून तरी बाहेर जात आहे. गाडी उभी असतानाही तो जातो, कारण तीस अंश तापमानाला आतला दाब सात वातावरणांहून अधिक असतो.

कॉइलच का सडते?

थंड कॉइलवर हवेतली वाफ दवासारखी जमते. गाडीखाली ठिबकते ते हेच पाणी. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत थारोळे साचते, नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात थेंबही कमी दिसतात. म्हणजे कॉइल सतत ओली असते. त्यावर रस्त्याची धूळ आणि पानांचा चुरा बसतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर हा ओला थर वर्षानुवर्षे राहिला की धातू गंजतो आणि टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्र पडते.

आमच्या गाडीच्या बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. बुडबुडा आला नाही. ब्लोअरच्या तोंडाशी धरलेला गळतीशोधक मात्र ओरडू लागला. डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढली, तेव्हा खालच्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरत असते. गॅस उडून जातो, तेल मागे राहते आणि त्यावर धूळ चिकटते. हा डाग म्हणजे गळतीची सहीच.

बदलताना काय करतात आणि का

पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची. उरलेला गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो. नेहमीच्या गॅरेजमधला कारागीर नळी सैल करून म्हणाला होता, ‘सोडून देऊ का साहेब? थोडाच आहे.’ त्याच्याकडे यंत्र नव्हते. आम्ही त्याला थांबवले आणि यंत्र असलेले गॅरेज शोधले.

नवी कॉइल बसवताना सांध्यांच्या रबरी ओ-रिंगा नव्या घालतात. ड्रायरही नवा लागतो. त्यातले दाणे ओलावा शोषतात. जुने दाणे भरलेले असतात आणि प्रणाली उघडल्यावर ते हवेतले पाणीही घेतात. आत पाणी राहिले तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन वाट अडते, शिवाय आम्ले तयार होऊन धातू खातात. जुन्या कॉइलमध्ये अडकलेल्या तेलाइतके नवे तेल घालावे लागते.

मग पंप लावून आतली हवा काढतात. तीस अंशांचे पाणी उकळायला दाब वातावरणाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाखाली जावा लागतो. पंप तेवढा दाब उतरवतो, म्हणून नळ्यांतला ओलावा न तापवताच उकळून निघून जातो. नंतर पंप बंद करून अर्धा तास काटा पाहतात. काटा चढला नाही, तरच गॅस भरतात, तोही वजन करून.

आकाशाचा हिशेब

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत आर-१२ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन असे. असे वायू ओझोनचा थर नष्ट करतात हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून, काही औषधी अपवाद वगळता, जगभर त्यांचे उत्पादन थांबले. अशा जुन्या गाडीत नुसता आर-१३४ए भरून भागत नाही. तो जुन्या खनिज तेलात मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. तेलही बदलावे लागते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आमच्या गाडीतून तीन उन्हाळ्यांत सुमारे एक किलो गॅस गेला. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आम्ही सुमारे ६०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार हवेवर टाकला, आणि त्याचे पैसेही मोजले.

वर्गात करून पाहा

पाणी उकळून साठ-सत्तर अंशांपर्यंत निवू द्या. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ते थोडेसे घ्या, हवा काढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी खळखळून उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की उकळणे थांबेल. पाणी आधी उकळून का घ्यायचे, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. विरघळलेल्या हवेचे बुडबुडे आणि वाफेचे बुडबुडे यांतला फरक त्यांना सापडेल.

आणि कोणी ‘गॅस संपलाय’ म्हणाले, तर आमच्या मुलीचा प्रश्न विचारायला विसरू नका.