पाटे, क्रॉस आणि कलम 52

औंढा नागनाथच्या आसपास टेकड्या मुरमाड, खाली उतरलं की काळी माती. पाऊस पडल्यावर या दोन्हींतून निघेल अशी गाडी घरीच बांधायची म्हटलं, की बोलणं इंजिनापासून सुरू होतं. माझ्या मते इंजिनाचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. इंजिन भंगारातही मिळतं. त्याचा जोर चाकापर्यंत कसा न्यायचा, ही खरी कसोटी.

महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या महायुद्धकालीन विलीस एमबीचं इंजिन जेमतेम 60 अश्वशक्तीचं. पण पहिला गिअर 2.665, ट्रान्सफर केसचा लो 1.97, हाउसिंगमधलं क्राउन-पिनियन 4.88. गुणाकार करा: इंजिनाचा पीळ चाकाशी पंचवीस पटींहून जास्त होतो. आता चिखलासाठी हौसेने मोठे टायर घातले आणि व्यास एक पंचमांशाने वाढला, तर जमिनीवरची ओढ एक षष्ठांशाने घटते. क्राउन-पिनियन न बदलता असे टायर घालणाऱ्याचं क्लच चढावर जळतं आणि दोष मात्र क्लचप्लेटला मिळतो.

गाडी उंच करण्याचंही तसंच. पाट्यांखाली ठोकळे घातले की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. शाफ्टच्या टोकाचा साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) 30 अंशांत फिरला, तर आत येणारा वेग स्थिर असला तरी बाहेरचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा 13 टक्क्यांनी घटतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तरच हे हेलकावे एकमेकांना खातात. नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग बोलू लागतं.

चासीबाबत गॅरेजमध्ये एक गैरसमज पक्का आहे: जितकं जाड लोखंड, तितकी मजबुती. खड्ड्यात एक चाक उतरलं की शिडीसारखी चासी थोडी पिळली जाते, म्हणून बाकीची तीन जमीन धरतात. सगळीकडे पट्ट्या मारून ती ताठ केली, तर पीळ पट्टी संपते तिथे साठतो आणि तडा तिथेच जातो. जोडपट्टीची टोकं तिरपी कापावीत आणि पट्टीच्या कडेवर आडवं वेल्डिंग करू नये, ते याचसाठी.

महाराष्ट्रात गाजलेली घरगुती गाडी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथल्या दत्तात्रय लोहार यांची. मुलासाठी, भंगारातून, सुमारे 60,000 रुपयांत. आणि चालू करायची ती मोटरसायकलीसारखी किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण नियमांमुळे ती कधीतरी रस्त्यावरून काढली जाईल, हेही सांगितलं. पुढच्या महिन्यात लोहारांना बदल्यात बोलेरो मिळाली. लोकांना त्यातली दिलदारी भावली. मला नियमांचा तो उल्लेख जास्त बोलका वाटतो.

कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते काटेकोर वाचलं. घरी बांधलेल्या गाडीला तर मूळ निर्माताच नाही. नवा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून घ्यायचा, तर त्याचा खर्च एका गाडीपायी गॅरेजवाल्याला झेपत नाही. म्हणून औंढ्याच्या शिवारात अशी गाडी बांधणाऱ्याने ती स्वतःच्या रानातच फिरवावी, आणि जिंतूरच्या रस्त्याने न्यायची असेल तर दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी.