माळ्यावरची फळी

आमच्या डायनिंग टेबलाला एक जादा फळी आहे. दीड फूट रुंद, अख्ख्या सागाची. टेबलाचे दोन अर्धे बाजूला ओढायचे, मधल्या जागेत ती बसवायची, की सहाजणांचं टेबल आठजणांचं होतं. बाबांनी १९७८ साली हे टेबल करून घेतलं तेव्हा घरात पाहुण्यांचा राबता होता. पुढे तो आटला आणि फळी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीआधी ती खाली काढली, पुसून जागेवर बसवली, आणि आम्ही सगळे गप्प झालो. टेबल मधाच्या रंगाचं, फळी चिंचोक्यासारखी काळपट तांबडी. एकाच सुताराच्या हातची, एकाच दिवशी पॉलिश झालेली लाकडं शेजारी ठेवल्यावर परकी वाटत होती.

इतकी वर्षं माळ्यावर राहून फळी खराब झाली, असंच मी धरून चालले होते. पॉलिशचे मिस्त्री आले. साठी ओलांडलेले, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी फळीकडे पाहिलंही नाही. टेबलाखाली जाऊन पाठीवर आडवे झाले, मोबाइलचा उजेड पाडला आणि मला खाली वाकायला सांगितलं. वरच्या तक्त्याला आतून आडवी पट्टी बसवलेली होती. ती त्यांनी स्क्रू काढून सैल केली. तिच्यामागे बोटभर रुंदीचा तोच तांबडा रंग होता. "फळी आहे तशीच आहे, ताई. टेबल उडालंय," ते म्हणाले.

त्या काळी सागाला सर्रास स्पिरिटमध्ये विरघळणारे तयार रंग देत. ते लाकडात खोल उतरतात, रेषा झाकत नाहीत, दिसतात सुरेख. पण उजेड त्यांना सोसत नाही. पश्चिमेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आमच्या टेबलाचा तांबडेपणा वर्षागणिक ओसरत गेला, सागाचा स्वतःचा सोनेरी रंग वर आला आणि लाखेच्या थराने त्यावर पिवळसर झाक चढवली. हे सगळं इतकं सावकाश झालं, की घरात कुणालाच कळलं नाही. माळ्याच्या अंधारात फळीने मात्र बाबांनी निवडलेला रंग जसाच्या तसा धरून ठेवला होता.

"आता खरा कुठला मानायचा ते तुम्ही सांगा," मिस्त्री म्हणाले. टेबल पुन्हा तांबडं करायचं की फळी मधाच्या रंगावर आणायची? या प्रश्नावर मी दोन दिवस घेतले. बाबांचा रंग एकीकडे होता आणि त्यांच्यासह आम्ही ज्यावर जेवलो तो दुसरीकडे. शेवटी मी जेवलेला रंग निवडला.

काम सुरू करण्याआधी जुनं पॉलिश कसलं ते पाहायचं असतं. कापडाला स्पिरिट लावून कोपऱ्यात घासायचं. कापड चिकटलं, तपकिरी झालं, तर ते लाखेचं, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. काहीच झालं नाही तर मेलामाईन किंवा पीयू. आमचं कापड चिकटलं आणि मिस्त्रींचा चेहरा खुलला.

ती खुशी कशाची, ते कळण्याआधी लाख कुठून येते हे पाहायला हवं. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. झारखंड हा याचा मोठा मुलूख. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आपल्याकडे पूर्व विदर्भातही लाख निघते. फांद्यांवरून खरवडलेली लाख कुटून धुतात. त्या धुण्यात जो लाल रंग निघतो, त्याचाच पूर्वी अळता होई. उरलेले दाणे कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर धरतात, पिशवी पिळतात, वितळून आलेली लाख ऊन असतानाच ताणून पातळ पत्रा करतात आणि तो गार झाला की मोडून तुकडे करतात. हाच चपडा. अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई बडोदेकर ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर ऐकले गेले, त्याही चपड्यात दगडाची पूड घालून केलेल्या. आपल्या भाषेत लाख एकीकडे लाक्षागृहात जळते आणि दुसरीकडे सौभाग्याच्या बांगडीत चमकते. जेवणाच्या टेबलावर तिची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि वाळल्यानंतर कितीही वर्षांनी पुन्हा विरघळतो. नवा हात दिला की तो जुन्या थराला थोडा सैल करून त्यात मिसळून जातो. म्हणून लाखेचं पॉलिश डागडुजी मानतं. पीयूचं तसं नाही. तो थर गरम भांडं आणि सांडलेलं पाणी कितीतरी चांगलं सोसतो, रोजच्या घाईच्या घरात तोच शहाणपणाचा; पण एकदा पापुद्रा सुटला की जोड लपत नाही, सगळंच खरवडावं लागतं. आमच्या चार खुर्च्या एका दुकानातून तशा करून आणल्या होत्या. त्यांच्या पाठी आता साल सुटल्यासारख्या दिसतात आणि त्यांना ठिगळ लावता येत नाही.

टेबलावरचे डाग मिस्त्रींनी दोन गटांत वाटले. पांढरी वर्तुळं आणि काळी वर्तुळं. पांढरं म्हणजे गरम पातेल्याखालचा ओलावा पॉलिशमध्येच अडकलेला, लाकूड शाबूत. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा त्यावरून हलकेच फिरवला, की ते विरघळून जातं. आमची दहा-बारा वर्तुळं अर्ध्या तासात गेली. काळं म्हणजे पाणी पॉलिशखाली उतरलं आणि लोखंडाचा अंश लाकडातल्या तुरट द्रव्याला भिडला. लोणच्याच्या बरणीच्या गंजक्या झाकणाने केलेलं तसं एक होतं. तिथलं पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावावं लागलं, हातमोजे घालून, कारण ते विषारी असतं. नंतर ती जागा तीनदा स्वच्छ पाण्याने पुसली. दबलेल्या जागांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगले आणि खळगे भरून आले. कापलेलं मात्र असं भरत नाही. माझ्या जागेसमोर बॉलपेनने दाबून केलेल्या भागाकाराचे ठसे होते. तेही उठतील, असं ते म्हणाले. मी ते ठेवायला सांगितले.

मग फळी. जुनं पॉलिश स्पिरिटने सोडवलं, रंग जमेल तेवढा उपसला, ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २२० पर्यंत घासली, नेहमी रेषेच्या दिशेने. खालून फिकट, हिरवट झाक असलेला साग निघाला. ती तशीच आठवडाभर गॅलरीत उन्हात ठेवायला सांगून मिस्त्री निघून गेले. ताजा उघडा पडलेला साग उजेडात झपाट्याने बदलतो. तो स्थिरावायच्या आत रंग जुळवला, तर महिन्याभरात जोड उघडा पडणार.

परत आले ते चार पुड्या घेऊन. पिवळी माती, गेरू, काजळी आणि थोडा हिरवा. तयार बाटलीतला रंग त्यांना नको होता. मातीचे रंग म्हणजे लोखंडाचे गंज. उन्हात उडत नाहीत. ते सागाच्या छिद्रांत बसतात, म्हणून फार दिले तर लाकूड मातकट दिसतं. त्यांनी पातळ चपड्यात चिमूट-चिमूट कालवून फळीच्या खालच्या अंगाला बोटभर पट्टे ओढले. पहिला पिवळा. दुसऱ्यात गेरू जास्त झाला. तो मारायला त्यांनी गेरू कमी केला नाही, सुईच्या टोकावर येईल एवढा हिरवा घातला आणि तांबडेपणा बसला. प्रत्येक पट्टा वाळल्यावर त्यावर पॉलिशचा हात देऊन मगच पाहायचा, कारण कोरडा रंग खोटं बोलतो. आणि जो पट्टा हुबेहूब वाटला तो त्यांनी सोडून दिला, त्याच्या अलीकडचा, एक पायरी फिका घेतला. वर चढणाऱ्या लाखेच्या थरांनी ती पायरी भरून निघते.

सकाळी अकराच्या उजेडात जुळलेला तो रंग संध्याकाळी ट्यूबखाली फाटला. फळी हिरवट दिसू लागली. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले तर एका उजेडात एक दिसतात आणि दुसऱ्यात नाही, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात वेगवेगळे रंग कमीजास्त असतात. मिस्त्री हे सगळं एका वाक्यात म्हणाले: "दिवा बदलला की रंग बदलतो." मग विचारलं, "तुम्ही पानं कधी वाढता?" रात्री, म्हटलं. त्यांनी अंतिम मिश्रण रात्री आठला, जेवणाच्या दिव्याखाली केलं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नेऊन पुन्हा एका थेंबाने सावरलं. माझ्या लेखी सगळ्या कामातली कारागिरी त्या एका थेंबात होती.

उरलं ते हाताचं काम. आत कापूस, बाहेर धुऊन मऊ झालेली मलमल, असा बोळा. त्यात चपडा मुरवायचा आणि तो सरकावा म्हणून वर जवसाच्या तेलाचा एक ठिपका द्यायचा. बोळा हलता असतानाच लाकडावर टेकवायचा आणि हलता असतानाच उचलायचा. क्षणभर थांबला तर खालचा थर सुटून ओरखडा उठतो. गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या वळणाने, मग सरळ रेषेत. चार दिवस, दिवसाला काही हात, मध्ये वाळायला वेळ. पावसाळ्यात मिस्त्री हे काम घेतच नाहीत. हवेतला ओलावा थरात शिरतो आणि पॉलिश दुधाळ होतं.

वसुबारसेच्या रात्री फळी बसवली. जोड दिसतो, तो फक्त रेषा तुटते म्हणून.

जाताना मिस्त्रींनी उरलेला चपडा काचेच्या बाटलीत भरून दिला, लोखंडी डब्यात तो काळा पडतो म्हणून. वर आजची तारीख लिहायला लावली. सहा महिन्यांनी टाकून द्या, म्हणाले, जुना झाला की नीट वाळत नाही, चिकट राहतो. आणि फळीचं विचारलं. पाहुणे गेल्यावर चादरीत गुंडाळून माळ्यावर, मी सवयीने म्हणून गेले. त्यांनी मान हलवली. आता ती पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतीला टेकून उभी असते, टेबलाच्या उन्हात.