रोगाचे उपप्रकार व कारणमीमांसा
एखाद्या घटकाचा एकाच रोगाच्या निरनिराळ्या उपप्रकारांवर होणारा परिणाम स्वतंत्रपणे मोजणे, हा रोगपरिस्थितिविज्ञानाचा एक विषय आहे. उदा., कुष्ठरोगाचे अल्पजंतुक व बहुजंतुक असे दोन प्रकार मानतात. बीसीजी लशीने या रोगापासून काही अंशी संरक्षण मिळते. समजा, लस न घेतलेल्या दर १,००० व्यक्तींत दोन्ही प्रकारांचे प्रत्येकी ४ रोगी, तर लस घेतलेल्या तितक्याच व्यक्तींत अल्पजंतुक ४ व बहुजंतुक १ आढळला. केवळ रोग्यांची गणना केल्यास अल्पजंतुक प्रकाराचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ८० टक्के झालेले दिसते व लशीने तो वाढला, असा भास होतो. वस्तुतः त्याचा धोका तेवढाच राहिलेला असतो. म्हणून प्रत्येक प्रकाराचे प्रमाण निरोगी व्यक्तींसह संपूर्ण लोकसंख्येत काढावे लागते. शिवाय दोन्ही गटांतील वय, राहणीमान व रोग्याचा सहवास यांतील फरकही विचारात घ्यावे लागतात. रुग्णालयात केवळ रोगीच दिसतात. निरोगी व्यक्तींची गणना गावातच होऊ शकते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पासारख्या, कुष्ठरोगाचा शोध व उपचार गावपातळीवर नेणाऱ्या कार्याचे महत्त्व या दृष्टीनेही मोठे आहे.