सीआरपी, प्रतिपिंडे आणि इंटरल्युकिन-6

आमवाताच्या रुग्णाचा सीआरपी उतरला, परंतु आरए फॅक्टर होता तेवढाच राहिला, तर त्यास काय सांगावे, अशी पृच्छा अनेक वैद्यबंधू करतात. याचे उत्तर इंटरल्युकिन-6 या प्रथिनात आहे.

शोथाच्या स्थानी श्वेतपेशी हे प्रथिन स्रवतात. सांध्याच्या अस्तरातील पेशीही त्यात भर घालतात. ओसाका विद्यापीठात हिरानो व किशिमोतो यांनी 1986 मध्ये त्याचे जनुक वेगळे केले, तेव्हा त्याचे नाव ‘बी पेशी उत्तेजक घटक-2’ असे होते, आणि ते अन्वर्थक होते. याच्या प्रभावाने बी पेशींच्या प्लाझ्मा पेशी होतात व प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. हेच प्रथिन यकृताकडून सीआरपी तयार करविते. सीआरपी निम्मा होण्यास सुमारे 19 तास पुरतात. काही प्लाझ्मा पेशी मात्र अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून दोन्ही आकडे बरोबरीने उतरत नाहीत.

2006 च्या साथीनंतर आपल्या भागास परिचित झालेल्या चिकुनगुन्याच्या चिवट सांधेदुखीतही हे प्रथिन वाढलेले असते, असे सिंगापूरच्या रुग्णांवरील अभ्यासात दिसले.

टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन या प्रथिनाचा ग्राहीच अडविते. अशा रुग्णास न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नगण्य राहू शकतो, ज्वरही बेताचाच. कुहीचा रुग्ण इंजेक्शन नागपूरला घेतो, खोकल्यासाठी मात्र आपल्याकडे येतो. तेव्हा वैद्याने आणि औषधविक्रेत्यानेही कोणते इंजेक्शन चालू आहे, हे आधी विचारावे. सीआरपी उत्तम आहे म्हणून त्यास काढ्यावर थांबवून ठेवणे आम्हांस मान्य नाही. त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.